कट्ट्यावरची सई

माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि आता कोणी ते मनावरही घेत नाही. दारात कुरिअरवाला उभा राहिला तरी मी आधी त्याला आपादमस्तक न्याहाळते. ही सवय मला कात्रजच्या घरात लागली. बाबांची बदली झाली आणि आम्ही भंडाऱ्याहून पुण्याला आलो, तेव्हा आम्हाला घर मिळेना. जाहिरात वाचून जायचं, मालक दार उघडायचा, आणि तो काही विचारायच्या आधीच बाबा सांगून मोकळे व्हायचे, "मेश्राम. सरकारी नोकरीत आहे." नाव पुढे कधीतरी, आडनाव आधी. त्यांचं म्हणणं असं, की जे मागाहून कळून बिघडणार आहे ते उंबरठ्यावरच बिघडू द्यावं, पायपीट वाचते. मालक क्षणभर थांबायचा, मग "कळवतो हां" म्हणायचा, आणि पुण्यात "कळवतो" म्हणजे नाही, हे आम्हाला लवकरच कळलं. कात्रजच्या मालकाने आडनाव ऐकून फक्त विचारलं, "पाणी जपून वापराल ना?" आणि किल्ली हातावर ठेवली. त्याने आणखी काही कसं विचारलं नाही, याचाही मला पुढे बरेच दिवस संशय येत राहिला.

घर दोन खोल्यांचं. बाहेरची खोली, तिला लागूनच दार नसलेलं स्वयंपाकघर, आणि आतली एक. बाहेरून दिवसभर चढावर गिअर बदलणाऱ्या ट्रकांचा आवाज, आतून आईच्या खलबत्त्याचा. आई तिखटाची बाई. तिच्या वांग्याच्या भाजीवर तेलाचा लाल तवंग आला नाही तर तिला ती भाजी आजारी वाटे. थंडीत ती सांबारवड्या करी, म्हणजे आमच्याकडे ज्याला सांबार म्हणतात त्याच्या. इथे पुण्यात त्याला कोथिंबीर म्हणतात. आल्या आल्या आईने भाजीवाल्याला विचारलं होतं, "सांबार कसा देल्ला?" तो मान वर न करता म्हणाला, "सांबार हॉटेलात मिळतो. इथं भाजी." त्यानंतर आई कोथिंबीर मागताना तोंड उघडत नसे, बोट दाखवी. घरात मात्र ती आधी बोलायची तशीच बोलायची, आणि मी तिला वर्षभर टोकत राहिले, कारण तिच्या तोंडची भाषा माझ्याही तोंडात होती आणि कॉलेजात ती मला नडत होती. मुली वाईट नव्हत्या. त्या एवढंच म्हणायच्या, "ए, तुमचं ते 'काहून' म्हणून दाखव ना." आमच्याकडे 'का' म्हणजे 'काहून', ते एकदा म्हणून दाखवलं. मग रोज दाखवावं लागलं. आणि "म्हणजे तुमचं आडनाव नक्की काय?" हा प्रश्न त्याच हसण्याच्या पाठोपाठ आला.

संगणक घेतला तो माझ्या अभ्यासासाठी, असं आजही बाबा सांगतात. बुधवार पेठेतल्या एका चिंचोळ्या दुकानातून सुटे भाग घेऊन तो तिथेच जोडून घेतला होता. दुकानदाराने जोडताना एक शब्द काढला नाही, आणि बाबांनी "हा चांगला चालेल ना?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "चालवलात तर चालेल." आई या उत्तरावर घरी येईपर्यंत चिडलेली होती. मला मात्र ते आवडलं. गोड बोलणाऱ्या माणसापेक्षा असा माणूस बरा, निदान त्याच्या मनात दुसरं काही नाही. संगणक बाहेरच्या खोलीत ठेवला, अगदी स्वयंपाकघराला खेटून, कारण आईची अट होती की पडदा तिला ओट्यापाशी उभं राहून दिसला पाहिजे. संशय हा आमच्या घरात असा वाटून घेतलेला होता. बाबांचा घरमालकांवर, आईचा संगणकावर, माझा सगळ्यांवर.

त्या संगणकावर, इंटरनेटवर, मला एक जग सापडलं. त्याचं नाव इथे घेत नाही. आजच्या मुलांना ते दाखवलं तर हसतील, इतकं ते खडबडीत होतं. चालताना माणसं भिंतीतून आरपार जायची, केस डोक्यापासून चार बोटं वर तरंगायचे. पण आत शिरायच्या आधी तुम्हाला तुमचं माणूस घडवावं लागे, आणि त्यासाठी एक पाटी उघडे, तिच्यावर सरकवायच्या पट्ट्या. नाक, हनुवटी, खांदे, चालण्याची ढब, कातडीचा रंग, सगळं डावी-उजवीकडे सरकवून ठरवायचं. मी त्या पाटीपुढे दुपारच्या दुपारी बसले आहे. नाकाची पट्टी जरा उजवीकडे नेली की ते वर्गातल्या एका मुलीच्या नाकासारखं होई, मग मी घाईघाईने ती मागे आणी. रंगाच्या पट्टीवर तर माझा हात नुसता घुटमळायचा. शेवटी मी तिला पुण्यात कोणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही अशा रंगाची केली. त्या काळी मला तीच मोठी चैन वाटत होती, कोणी वळून न पाहण्याची. नाव आपण लिहायचं, सई लिहिलं. आडनाव मात्र त्यांच्याच यादीतून उचलायचं होतं, आणि यादीत सगळी परदेशी, कुठली कुठली आडनावं. आमचं नव्हतं. पण जोशी, कुलकर्णी, देशमुखही नव्हतं. त्या यादीपुढे मी किती हरखले, हे घरात कोणाला समजावून सांगता आलं नसतं.

त्या जगात मराठी मुलामुलींनी जमिनीचा एक तुकडा घेऊन त्यावर कट्टा बांधला होता. मध्ये चहाची टपरी, बाजूला दगडी बाकं, एका भिंतीवर पाटी: "बसायला हरकत नाही, पण विचारून उठावे." किटलीवर टिचकी मारली की तुमच्या माणसाच्या हातात कप येई आणि तो अधूनमधून फुंकर घाली. संध्याकाळी दहाबारा जण जमत. कोणी नवे बूट दाखवी, कोणी केसांना निळा रंग लावून येई आणि सगळ्यांच्या शिव्या खाई, परीक्षा, सिनेमे, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं तिथे. जमीन शार्दूलच्या नावावर होती. तो इंजिनिअरिंगचा मुलगा, नारायण पेठेतला, आणि हे तो दर दोन वाक्यांनी कळू देई. मीही नारायण पेठेतलीच आहे असं मी सांगून ठेवलं होतं. बाबांबरोबर बुधवारात जाताना मी गल्ल्यांची वळणं, दुकानांच्या पाट्या डोक्यात भरून आणी आणि संध्याकाळी कट्ट्यावर सहज म्हणून फेकून देई. लिहायचं इंग्रजी अक्षरांत, मराठीत. म्हणजे ळ आणि ण यांची कसोटी नव्हती. फक्त मला आणि मले यांच्यात शेवटचं एक अक्षर आडवं येई, आणि मी प्रत्येक ओळ पाठवण्याआधी तेवढं एक अक्षर तपासून घेई.

मग रेवतीचं प्रकरण झालं. रेवती म्हणजे कट्ट्यावरची सर्वांत लाडकी मुलगी, जिच्याजवळ अर्ध्या मुलांनी मन मोकळं केलेलं, ती शार्दूलच्याच वर्गातला एक मुलगा निघाली. तो आमच्या गप्पा कॉलेजात मोठ्याने वाचून दाखवत असे. त्या दिवसापासून कट्ट्याची हवाच बदलली. कोण खरं आणि कोण बनावट, हाच खेळ होऊन बसला. शार्दूल चहा पिता पिता मध्येच कोणाला तरी विचारी, "तुझ्या गल्लीच्या तोंडाशी काय आहे गं?" उत्तर उशिरा आलं तर म्हणे, "घाई नाही. घरच्यांना विचारून सांग." मी उत्तरं वेळेवर देत होते. मी पकडले गेले असते तर जीव जाणार नव्हता. पण दिवसभरात एवढीच एक जागा होती जिथे मी तोंड उघडलं की पुढचा प्रश्न माझ्या आडनावाचा नसे, आणि ती माझ्या हातून जाणार होती.

स्वतःवरचा संशय टाळायचा तर दुसऱ्याकडे बोट दाखवणं सोपं. आमच्यात एक अवंती होती. तिचं माणूस उंच, सुबक, आधुनिक कपड्यांतलं, कानात मोठ्या रिंगा. पण ती कपडे कधी बदलत नसे, जे पहिल्या दिवशी तेच कायम. एका कडेच्या बाकावर बसून राही. लिहायला फार वेळ लावी, आणि लिही तेही एवढंच: "जेवलीस का?" मला तर रोज विचारी. मला ते खटकायचं. आईला सांगितलं, तर आई ओट्यावरूनच म्हणाली, "रोज जेवली का इचारते? हे काही बरं लक्षण नोहे. पोरगी असती तं आपलं सांगतलं असतं, का खाल्लं, का घेतलं. थो बुढा होय कोणी तरी, पोरीच्या नावानं बसला." मग तिने माझ्या खुर्चीमागून फेऱ्या वाढवल्या. हातात झारा घेऊन ती पडद्यावरच्या अवंतीकडे अशी बघे, की बिचारी बाहेर असती तर पळून गेली असती.

रविवारी कट्ट्यावर पोहे होत. कोणीतरी शेगडी, कढई आणि भोवती वाट्या बनवून ठेवल्या होत्या. वाटीला टिचकी मारली की त्यातली वस्तू कढईत पडे. एका रविवारी पोहे झाले, सगळे भोवती उभे, आणि आमच्या खऱ्या स्वयंपाकघरात आईनेही नेमके पोहेच टाकले होते. तो वास नाकात, डोळे पडद्यावर, आणि मी लिहून बसले, "वरून सांबार टाक ना." शार्दूल लगेच: "पोह्यांवर सांबार? इडली कुठंय मग?" सगळे हसायला लागले. पण इंग्रजी अक्षरांनी वाचवलं. मी लिहिलं, "अरे सांभाळून लिहायचं होतं. सांभाळून टाक, सांडतंय." ते त्यांना पटलं. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच कढईकडे लक्ष गेलं. पोह्यांवर हिरवे ठिपके पडलेले होते. शार्दूल हसायच्या आधीच कोणीतरी कोथिंबिरीच्या वाटीला टिचकी मारली होती. वाटीजवळ एकटी अवंती उभी होती.

कोणाला वाटेल, मला आनंद झाला असेल. आपल्याकडचं माणूस सापडलं म्हणून. छे. ज्याला सांबार म्हणजे काय ते न विचारता कळलं, तो तिकडचाच, हे उघड होतं. आणि तिकडच्या माणसापासून मला जास्त भीती होती. पुण्यात आमचं आडनाव ऐकून लोक क्षणभर तरी विचारात पडत. आमच्या गावाकडच्यांना तेवढा क्षणही लागत नसे. ऐकलं की त्यांना घर, वस्ती, विहीर, सगळं डोळ्यांपुढे दिसे. अवंतीने मला ओळखलं, आता ती एकेक करून विचारणार, आणि मग शार्दूलला सांगणार, असं मी धरून चालले. ती काहीच विचारत नव्हती, याने तर संशय आणखीच वाढला. मी तिच्यापासून लांबच्या बाकावर बसू लागले. ती उठून जवळ आली की मी केस बदलायचं निमित्त करून पाटी उघडी. इतके केस मी आयुष्यात बदलले नाहीत.

शेवटी शार्दूलने फर्मान काढलं. येत्या रविवारी सगळ्यांनी माईक लावून यायचं आणि प्रत्येकाने आवाजात दोन वाक्यं बोलायची. जो बोलणार नाही तो बाहेर. लिहिण्यात लपता येतं, बोलण्यात कसं लपणार? आठवडाभर मी गच्चीवर जाऊन शुद्ध पुणेरी बोलायचा सराव केला. "नमस्कार, मी सई. मी नारायण पेठेत राहते." घरात बोलायची सोय नव्हती, आईने विचारलं असतं. आणखी एक धास्ती होती. संध्याकाळी त्याच वेळी बाबा आतल्या खोलीत बुद्धवंदना म्हणत. मोठ्याने, मनापासून. माईक चालू असताना मागून तो आवाज गेला तर आडनाव सांगायचीही गरज उरणार नव्हती. मी बाबांना दार लावून घ्यायला सांगितलं, परीक्षेची तयारी आहे म्हणून. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता दार लावलं. त्यांच्या त्या पाहण्याचा अर्थ मी अजूनही लावत असते.

रविवारी एकेक जण बोलू लागला. हेडफोन आमच्याकडे नव्हता, संगणकाबरोबर आलेले दोन स्पीकर आणि एक स्वस्तातला माईक, त्यामुळे सगळ्यांचे आवाज आमच्या खोलीभर घुमत होते. आई ओट्यापाशी, पाठ माझ्याकडे, पण कान इकडे. अवंतीची पाळी आली. बराच वेळ नुसती खरखर. मग एक म्हातारा, थकलेला, पण ठाम बाईचा आवाज आला. "मी काही अवंती नोहो बापा. अवंती माही नात होय. थे परदेशात शिकाले गेली. मले म्हणे, आजी, पुण्यात तुह्यासंग कोणी बोलत नाही, तं माह्या जागी इथी बसत जाय. लिहितांनी 'मला' लिहिजो म्हणे, 'मले' नको लिहू, पोरं हासतीन. बस. कोणाचं काही चोरलं नाही मी."

हशा पिकला. कोणीतरी तिची नक्कल केली, "हासतीन, हासतीन." शार्दूल म्हणाला, "आजी, भजनी मंडळ पुढच्या गल्लीत. सई, तुझी पाळी." मी माईक चालू केला. "नमस्कार" तोंडात आला होता. आणि माझ्यामागे, हातात झारा तसाच, आई मोठ्याने म्हणाली, "अवं माय! हे तं आपल्याइकडची होय!"

ते सगळ्यांनी ऐकलं. शार्दूलचा आवाज आला, "हे कोण बोललं?" मला सांगता आलं असतं, कामाला आलेल्या बाई आहेत म्हणून. हे वाक्य अगदी जिभेवर होतं, पण मी मागे वळले होते आणि आईचा चेहरा समोर होता. तो एवढा उजळलेला मी पुण्यात आल्यापासून पाहिला नव्हता. मी म्हणाले, "माही आई." माझी नाही, माही. तो एक शब्द बोलून मला इतकं मोकळं वाटलं, की पुढचंही सांगून टाकलं, "आमी कात्रजले राहतो. नारायण पेठेत नाही." शार्दूल म्हणाला, "छान. दोघी एकाच गाडीने आलात वाटतं." आणि बटण दाबलं. सई उचलून कट्ट्याबाहेरच्या गवतावर टाकली गेली. शेजारी अवंती आधीच पडलेली होती, कानात रिंगा तशाच.

आईने मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. मग दोघी सुरू झाल्या. कोणतं गाव, कोणती नदी, तिकडच्या उन्हाळ्यापुढे इथला उन्हाळा म्हणजे काहीच नाही, इथल्या भाजीला तिखट म्हणून नसतं. सून वाईट नाही, पण नातवापुढे माझा शब्द सुधरवते, असं आजी म्हणाल्या, आणि आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "आमच्याइथीही सुधरवतात." आणि मग आजींनी ते विचारलं. सहज, जसं तिकडे सगळेच विचारतात. "आडनाव का होय वो तुमचं?"

आई खुर्चीत वळली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड जाताना मला दिसला, आणि मला त्या म्हातारीचा, कट्ट्याचा, सगळ्या जगाचा राग आला. मी वाकून माईकमध्ये सांगितलं, "मेश्राम." बाबा सांगतात तसं, उंबरठ्यावर. पलीकडे खरखर. मग आजी म्हणाल्या, "हव का? थांब वो, सून आली वाटते." आणि अवंती तिथून नाहीशी झाली.

"सून आली असन," आई म्हणाली.

"आडनाव आयकल्यावरच आली?"

"सुना अशाच येतात," आई म्हणाली, आणि उठून पोळ्या लाटायला गेली, पण तिला भूक उरली नव्हती. बाबा वंदना आटोपून बाहेर आले. मी त्यांना सगळं सांगितलं, गच्चीवरच्या सरावासकट. ते म्हणाले, "तुनं सांगतलं ना आडनाव? मंग तुह्यं काम झालं. आता काय कराचं त्याचा इचार थिनं कराचा. तू काहून आपली झोप उडवते?" बाबांना ते जमे. मला जमलं नाही. मी रोज संध्याकाळी कट्ट्याबाहेरच्या त्या गवतावर जाऊन उभी राही, आणि ती येत नसे, आणि माझी खात्री होत जाई. मनातल्या मनात मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

मग एका संध्याकाळी अवंती आली. लिहिलं काही नाही, थेट आवाजच. नातीचं खातं बंद पडलं होतं, थेट परदेशातून तिने चालू करून दिलं, असं काहीसं आजींनी सांगितलं. मला ते पटलं नाही. मी नुसतं "हं" म्हटलं, त्यातून त्यांना ते कळलं असावं. "तुह्या आडनावानं पळाली मी, असं वाटलं ना तुले?" त्यांनी विचारलं.

"हव," मी म्हणाले.

"वाटनच," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. मग म्हणाल्या, "मी तुमचं इचारलं, माहं सांगतलंच नाही." आणि त्यांनी त्यांचं आडनाव सांगितलं.

ते मी इथे लिहीत नाही. त्या पुढे बरीच वर्षं माझ्याशी आणि आईशी बोलत राहिल्या, आणि या काळात मी ते आडनाव कोणाला सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही. सांगितलं, की ऐकणारा लगेच ठरवून टाकणार, त्या आमच्यातल्याच म्हणून परत आल्या की नसूनही. तुम्हीही आत्ता तेच ठरवायला बसला असाल, अशी मला शंका आहे.